दोन ध्वनिमार्गांची बेरीज

(लखनौ येथील मराठी रसिकांच्या मेळाव्यात अनुवादकाने केलेले भाषण)



ध्वनिविज्ञानावरील एका सुबोध पुस्तकाचा मराठी अनुवाद करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा माझ्या परिचितांपैकी अनेकांना नवल वाटले. मराठी साहित्याची एम. ए. झालेली बाई विजेच्या तारांविषयी काय लिहिणार, असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो अगदीच अनाठायी नव्हता. त्या अनुवादात माझ्या हातून झालेल्या एका चुकीची हकीगत मी आज आपणांपुढे मांडणार आहे. चूक एका क्रियापदाची होती. परंतु त्या क्रियापदावर विसंबून एखाद्या वाचकाने तारा जुळवल्या असत्या, तर त्याच्या घरातील यंत्र बिघडण्याचा संभव होता. आमच्या घरी ते जवळजवळ घडलेच.

संगीत आणि मराठी भाषा यांचा लखनौशी असलेला संबंध आपणांस मी नव्याने सांगायला नको. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून 1926 साली या नगरीत मॅरिस कॉलेज उभे राहिले. पुढे त्याला भातखंड्यांचेच नाव मिळाले. ज्यांच्या ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ या मूळ मराठी ग्रंथाचे हिंदी भाषांतर उत्तरेत अभ्यासले गेले, त्यांची ही कर्मभूमी. याच संस्थेत उस्ताद अहमदजान थिरकवा यांनी तबल्याचे अध्यापन केले. महाराष्ट्र त्यांना ओळखतो तो गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या गाण्याला त्यांनी केलेल्या साथीमुळे. 1976 साली लखनौमध्येच त्यांचे देहावसान झाले. माझे सासरे, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, ते स्वतः तबला शिकलेले आणि थिरकवा खाँसाहेबांच्या वादनावर निस्सीम प्रेम करणारे. निवृत्तीनंतर त्यांच्यापाशी उरली ती ध्वनिमुद्रिकांची दोन कपाटे आणि एक जुना, परंतु उत्तम स्थितीतला अ‍ॅम्प्लिफायर.

नानांच्या पंच्याहत्तरीला माझ्या मुलाने त्यांच्यासाठी एक सबवूफर आणला. केवळ खर्जातील ध्वनी उमटवणारी ही पेटी असते. तिच्यातून गायकाचा शब्द स्पष्ट ऐकू यावा अशी अपेक्षा नसते. दर सेकंदाला साधारण ऐंशी कंपनांच्या खालचा जो ध्वनी लहान ध्वनिक्षेपकांना पेलत नाही, तेवढा तिने सांभाळायचा. आपल्या संगीतात असा ध्वनी कोठे येतो, असे कोणी विचारील. पुरुष गायकाने काळी एक हा षड्ज धरला, तर त्याची कंपने सुमारे एकशे एकोणचाळीस होतात; तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे एकोणसत्तरावर लागते. पखवाजाची डावी बाजू आणि तबल्याचा डग्गा यांचा घुमारही याच प्रदेशाच्या आसपास असतो, आणि मनगट सरकवून वादक घिस्सा काढतो तेव्हा तो वरखाली हेलावतो.

मुलाने आणलेल्या जुन्या पेटीला संकेत आत घेण्यासाठी एकच सॉकेट होते. अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीमागे मात्र डाव्या व उजव्या ध्वनिमार्गांची दोन सॉकेटे. मुलाने सोपा मार्ग पत्करला. डावीकडची तार जोडली आणि उजवीकडचे सॉकेट मोकळे ठेवले. नानांनी एका ख्यालाची स्टिरिओ मुद्रिका लावली, थोडा वेळ डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, “सूनबाई, तंबोरा छान घुमतोय, पण डग्गा हरवला.”

त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. त्या मुद्रिकेत तबलावादक उजवीकडे बसवलेला होता, त्यामुळे डग्ग्याचा बहुतेक ध्वनी उजव्या मार्गात गेला होता, आणि तो मार्ग सबवूफरपर्यंत पोहोचतच नव्हता.

येथे दोन मार्गांचे प्रयोजन थोडक्यात सांगणे इष्ट होईल. 1931 साली इंग्लंडमध्ये अ‍ॅलन ब्लुमलाइन या अभियंत्याने दोन ध्वनिमार्गांच्या मुद्रणाविषयीच्या एकस्वासाठी अर्ज केला. ध्वनी डावीकडून आला की उजवीकडून, हे आपले दोन कान परस्परांतील सूक्ष्म फरकावरून ओळखतात. तोच फरक दोन मार्गांतून जपला, तर श्रोत्यापुढे मैफलीची बैठक उभी राहते, हा त्यातील विचार. परंतु खर्जाच्या प्रदेशात हा फरक अत्यंत क्षीण होतो. हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर. त्याला ऐंशीने भागले, तर एका लाटेची लांबी चार मीटरांहून अधिक भरते. आपल्या दोन कानांमधील अंतर मात्र वीतभरसुद्धा नाही. चार मीटरांच्या लाटेला एवढ्याशा अंतरात फारसे बदलता येत नाही, आणि बंद खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या लाटा उरलासुरला फरकही पुसून टाकतात. म्हणून खर्जासाठी एकच पेटी पुरते. डग्गा उजवीकडे आहे ही जाणीव त्याच्या वरच्या स्वरांशांवरून होते, आणि ते मुख्य ध्वनिक्षेपकांतून येतच असतात. तथापि पेटी एक असली, तरी तिला दोन्ही मार्गांतील खर्ज मिळाला पाहिजे. प्रश्न उभा राहतो तो येथे.

योगायोग असा, की त्याच सुमारास माझ्या अनुवादाची मुद्रिते तपासणीसाठी घरी आलेली होती, आणि नेमक्या याच विषयावर त्यात एक परिच्छेद होता. मूळ इंग्रजी क्रियापद होते ‘कम्बाइन’. मी त्याचा अनुवाद केला होता: “डाव्या व उजव्या मार्गांच्या तारा एकत्र जोडाव्यात.” स्वतःच्या मराठीवर माझा पूर्ण विश्वास होता. बाजारातून दोन टोकांची एक होणारी तार आणली आणि माझ्याच वाक्याप्रमाणे जोडणी केली.

नानांनी पुन्हा तीच मुद्रिका लावली. डग्गा परत आला; परंतु बाकीचे सारे बिघडले. उजवीकडचा तबला आणि डावीकडची सारंगी खोलीच्या मध्यभागी एकमेकांवर येऊन बसली. आवाज थोडा वाढवताच ताना चरचरू लागल्या. नानांनी हात वर करून बंद करण्याची खूण केली. यंत्राच्या पाठीला हात लावला, तर ते नेहमीपेक्षा अधिक तापलेले होते.

दुसऱ्या दिवशी ते यंत्र घेऊन मी लालबागेतील एका दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानातील वृद्ध कारागिराने माझी तार हातात घेतली, तिच्याकडे पाहिले आणि खास लखनवी नरमाईने म्हणाला, “बहनजी, इन दोनों को आमने-सामने मत भिड़ाइए। बीच में एक-एक रेझिस्टेन्स दीजिए।” यंत्र सुदैवाने वाचले होते. त्याने खणातून दोन रोधक काढले आणि आपल्या भाषेत मला जे समजावले, तेच मी आता जरा हिशेबाने मांडते.

अ‍ॅम्प्लिफायरच्या सॉकेटमधून बाहेर येणारा संकेत म्हणजे सतत बदलणारा विद्युतदाब. प्रत्येक सॉकेटच्या आत एक लहान परिपथ असतो, आणि आपल्या मार्गावरील दाब ठरल्याप्रमाणेच राहावा म्हणून तो झटत असतो. त्याचा आतील रोध कमी असतो. हिशेबासाठी तो शंभर ओहम धरू. त्याच्यापुढील यंत्राचा रोध दहा हजार ओहमच्या घरात असावा, अशी त्याची अपेक्षा. एका क्षणी डावीकडे एक व्होल्ट आणि उजवीकडे शून्य आहे असे समजा. नेहमीच्या जोडणीत डाव्या परिपथातून एका मिलिअँपिअरचा दहावा भाग एवढा प्रवाह जाईल. दोन्ही तारा सरळ एकमेकींना बांधल्या, की डावीकडचा एक व्होल्ट दोन्ही बाजूंच्या मिळून अवघ्या दोनशे ओहममधून वाहू लागतो आणि प्रवाह होतो पाच मिलिअँपिअर, म्हणजे पन्नासपट. डावा परिपथ उजव्याला वर खेचतो, उजवा डाव्याला खाली. ‘पहले आप’ म्हणणाऱ्यांच्या या शहरात दोघेही ‘पहले मैं’ म्हणून अडून बसतात. ताना चरचरल्या त्या यामुळे. शिवाय हीच सॉकेटे आतून मुख्य ध्वनिक्षेपकांच्या मार्गांशीही जोडलेली असल्याने तेथील डावे-उजवेपणही नाहीसे झाले.

आता प्रत्येक तारेत दहा हजार ओहमचा एकेक रोधक घाला आणि रोधकांच्या पलीकडची टोके एकत्र आणून सबवूफरकडे न्या. तारांवरील आच्छादनाची जाळी, म्हणजे जमिनीची बाजू, सरळ जोडली तरी चालते; रोधक फक्त मधल्या, संकेत वाहणाऱ्या तारांत हवा. डाव्या परिपथापासून उजव्यापर्यंतच्या वाटेवर आता वीस हजार ओहमचे अंतर पडले. डावीकडचा जो अंश उजव्या मार्गात झिरपतो, तो सुमारे दोनशेवा भाग उरतो. डेसिबेलच्या भाषेत हे सेहेचाळीस डेसिबेलचे अंतर झाले, आणि मैफलीची बैठक अबाधित राखण्यास ते पुरेसे आहे. रोधक एकेक हजाराचे वापरले, तरी यंत्र सुरक्षित राहते; परंतु झिरपणारा अंश सुमारे विसावा भाग होतो. म्हणून मुख्य ध्वनिक्षेपक त्याच मार्गांवर चालत असतील, तर मोठे रोधक श्रेयस्कर.

रोधकांच्या संगमावर जो दाब मिळतो, तो दोन्ही दाबांच्या बेरजेचा निम्मा, म्हणजे सरासरी. सबवूफरचा स्वतःचा रोध वीस हजार ओहम असेल, तर त्यातील आणखी पाचवा भाग कमी होतो. ही तूट पेटीवरील आवाजाचे बटण किंचित फिरवून भरून काढता येते. चाळीस-पन्नास पैसे किमतीची वस्तू असावी अशा सहजतेने कारागिराने ते दोन रोधक माझ्या हातावर ठेवले आणि त्यांचे पैसे घेतले नाहीत.

सरासरी या शब्दात मात्र एक मर्म दडलेले आहे. दोन्ही मार्गांत एकच ध्वनी सारखाच असेल, तर सरासरी पूर्ण मिळते. दोन्हीकडे परस्परांशी संबंध नसलेले ध्वनी सारख्याच जोराने असतील, तर सरासरीत एका मार्गाच्या सुमारे सात दशांश एवढा जोर उरतो. आणि एका बाजूचा ध्वनी दुसऱ्या बाजूच्या नेमका उलट असेल, म्हणजे येथे दाब चढत असताना तेथे तेवढाच उतरत असेल, तर बेरीज शून्य. ध्वनिक्षेपकाची लाल आणि काळी तार एका बाजूला उलटी लागली, तर खोलीतील हवेत हेच घडते: आवाज असतो, पण खर्ज पातळ होतो. परीक्षा सोपी आहे. मोनो मुद्रिका लावा, एका ध्वनिक्षेपकाच्या दोन तारांची अदलाबदल करा, आणि ज्या जोडणीत खर्ज भरदार वाटतो ती कायम ठेवा. सबवूफरवर उलट-सुलट करणारा खटका असल्यास त्याचीही अशीच परीक्षा घ्यावी.

उलट ध्वनी बेरजेत नाहीसे होतात, या गुणाचा लाभही होतो, आणि नानांच्या दृष्टीने तो मोठा ठरला. जुन्या मोनो मुद्रिकेच्या खाचेत संगीत कोरलेले असते ते आडव्या हालचालीच्या रूपाने. सुई डावी-उजवीकडे हलते. स्टिरिओ मुद्रिकेत आडवी हालचाल ही दोन्ही मार्गांची बेरीज दाखवते आणि उभी हालचाल त्यांची वजाबाकी. मोनो मुद्रिका स्टिरिओ सुईने वाजवली, म्हणजे तबकडीचा बाक आणि फिरत्या यंत्राची उभी घरघर वजाबाकीच्या रूपाने दोन्ही मार्गांत शिरते. ही घरघर मुख्यत्वे खर्जाची. सबवूफर नेमका तिलाच उचलून धरतो. पण दोन्ही मार्गांची बेरीज केली, की संगीत शाबूत राहते आणि उभी घरघर परस्पर विरून जाते. त्या संध्याकाळी नानांनी एक जुनी मोनो मुद्रिका लावली. पूर्वी मुद्रिका सुरू होताच पेटीतून जो गडगडाट येई, तो बराच निवला होता, आणि डग्ग्याच्या घुमाराला त्याची जागा मिळाली होती.

बेरजेला मान देण्याचा हा विचार जगाने इतरत्रही स्वीकारलेला आहे. अमेरिकेत 1961 साली एफ. एम. नभोवाणीवर स्टिरिओ प्रक्षेपणास अनुमती मिळाली. तेव्हा डावा मार्ग एकीकडे आणि उजवा दुसरीकडे अशी वाटणी केली असती, तर घरोघरच्या जुन्या रेडिओंना अर्धेच संगीत ऐकू आले असते. म्हणून मुख्य मार्गावर दोन्हींची बेरीज ठेवली आणि वजाबाकी उच्च कंप्रतेच्या एका उपवाहकावर पाठवली. जुन्या रेडिओला बेरीज मिळाली, संगीत पूर्ण ऐकू आले. नव्या रेडिओने बेरीज आणि वजाबाकी यांच्यापासून डावे-उजवे पुन्हा वेगळे केले. लखनौच्या आकाशवाणी केंद्राचे कार्य 1938 साली सुरू झाले. त्या काळी एकच ध्वनिमार्ग ऐकत ज्या पिढीचे कान घडले, तिच्यातील वृद्धांना या योजनेमागचे सौजन्य विशेष जाणवेल.

घरी हा प्रयोग करू इच्छिणाऱ्यांना तीन सूचना देणे माझे कर्तव्य आहे. पहिली: सबवूफरला डावे व उजवे अशी दोन सॉकेटे असतील, तर दोन्ही तारा आपापल्या जागी लावाव्यात, बेरीज करणारा परिपथ बहुधा पेटीच्या आतच असतो, आणि बाहेर काहीच करावे लागत नाही. दुसरी: एका सॉकेटमधून दोन तारा काढून दोन यंत्रांना देणे सामान्यतः निर्धोक असते, दोन सॉकेटांच्या तारा एकीत बांधणे निर्धोक नसते. बाजारात मिळणारी दुटोकी तार दोन्ही कामांसाठी सारखीच दिसते, म्हणून हा विवेक आपणच राखला पाहिजे. तिसरी सर्वांत महत्त्वाची: ध्वनिक्षेपकांना जोडायच्या जाड तारांची अशी बेरीज कधीही करू नये. तेथे प्रवाह मोठे असतात आणि यंत्र क्षणात जळू शकते. काही अ‍ॅम्प्लिफायरांत काळे टोकसुद्धा जमिनीशी जोडलेले नसते, हे ध्यानी ठेवावे.

आता पुन्हा माझ्या क्रियापदाकडे वळते. दुकानातून परतल्यावर मी मुद्रिते पुन्हा उघडली. “एकत्र जोडाव्यात” हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते, कानाला गोड होते आणि अर्थाने घातक होते. मूळ लेखकाने पुढच्याच पानावर आकृती दिलेली होती आणि तीत दोन रोधक स्पष्ट दाखवलेले होते. मी शब्दांचा अनुवाद केला होता. आकृती मात्र माझ्या वाट्याचे काम नाही असे मानून तिच्याकडे पाहिले नव्हते. हे पुस्तक ज्या जिल्हा ग्रंथालयांत जाईल, तेथील एखाद्या मुलाने माझे वाक्य प्रमाण मानून वडिलांचा अ‍ॅम्प्लिफायर जाळला असता, तर त्याने दोष स्वतःच्या अज्ञानाला दिला असता. छापील मराठीवर वाचकाचा एवढा विश्वास असतो, आणि म्हणूनच शास्त्रीय पुस्तकाच्या अनुवादकाने वाक्य लिहिल्यावर ते हाताने करून पाहावे, किंवा ज्याला ते करता येते त्याच्याकडे जाऊन विचारावे, असे मला त्या दिवसापासून वाटू लागले. मला शिकवणारा कारागीर मराठी जाणत नव्हता. तरी माझ्या मराठी वाक्यातील चूक त्यानेच दाखवली.

छापखान्याकडे गेलेल्या अंतिम मुद्रितात ते वाक्य असे आहे: “डाव्या व उजव्या मार्गांचे संकेत प्रत्येकी एका रोधकातून एका बिंदूवर आणावेत, म्हणजे तेथे त्यांची बेरीज मिळते.” पहिल्या वाक्यापेक्षा ते लांब आहे आणि तितके सफाईदार नाही. परंतु त्यात दोन्ही रोधक आहेत.

नानांची संध्याकाळची बैठक आता नेमाने चालते. तबला उजवीकडे ऐकू येतो, सारंगी डावीकडे, आणि दोघांचाही खर्ज खोलीच्या कोपऱ्यातील एकाच पेटीतून येतो. परवा त्यांना विचारले, “नाना, डग्गा सापडला का?” त्यांनी उत्तर दिले नाही. मांडीवर डावा हात होता; त्या हाताचे मनगट तेवढे हलकेच सरकले.